चारही डबे हिरवे

विज्ञान प्रदर्शनाचं परिपत्रक आलं की बावड्याच्या त्या शाळेत पहिलं काम निघायचं ते कपाटाची किल्ली शोधायचं. विज्ञानाशी शाळेचा जो काही संबंध होता, तो त्या किल्लीपुरता. कपाटात एक ज्वालामुखी होता, एक अग्निबाण होता, पवनचक्की बसवलेलं आदर्श गाव होतं आणि एक मानवी हृदय होतं, त्याची डावी बाजू उंदरांनी खाल्ली होती. हेडमास्तर नलवडे सर दर वर्षी हा संसार बाहेर काढत, शिपाई दत्तोबाकडून त्यावर ऑइलपेंटचा हात मारून घेत, जुन्या पोरांच्या नावाच्या चिठ्ठ्या खरवडून नव्या पोरांची नावं चिकटवत आणि हात झटकत म्हणत, "झाली तयारी. विज्ञान म्हणजे शेवटी मांडणी असते, बाई."

यातल्या बाई म्हणजे करुणा साबळे. बारामतीच्या, बी.एस्सी. बी.एड., विज्ञान शिकवायला दीड वर्षापूर्वी लागलेल्या आणि अजून कायम न झालेल्या. गावात एक खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारची शाळा सुटली की बारामतीची एस.टी. धरायच्या. नलवडे सरांचा त्यांना मनापासून तिटकारा होता आणि त्याची त्यांना लाजही वाटत नसे. सरांचा सफारी, सरांच्या खिशातली तीन पेनं, त्यातलं एकही न चालणं, परिपत्रक मोठ्यानं वाचताना प्रत्येक स्वल्पविरामाला थांबणं, हे सगळं त्या घरी आईला नक्कल करून दाखवायच्या आणि आई हसून हसून डोळे पुसायची. शाळेत मात्र त्यांचं तोंड फक्त दोन शब्दांसाठी उघडायचं, "हो, सर."

आदल्या वर्षी, म्हणजे पंचाण्णव साली, तालुक्याच्या प्रदर्शनाला त्या पहिल्यांदा इंदापूरला गेल्या आणि कपाळाला हात लावून परत आल्या. एका मांडवात सात ज्वालामुखी. सातही एकाच वेळी खायच्या सोड्याचा फेस ओकत होते. एका डॉक्टरांच्या मिहिरनं धरण आणलं होतं, त्याला पुण्याच्या दुकानाची चिठ्ठी तशीच होती. त्याला विचारलं, "बाळ, हे चालतं कसं?" तर बाळानं बापाकडं बघितलं आणि बापानं बटण दाबलं. दिवे लागले, परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या, धरणाला पहिला नंबर मिळाला. थर्माकोल जास्त, नंबर वरचा, एवढाच तिथला शोध होता.

म्हणून यंदा त्यांनी कपाटाचं नावच काढलं नाही. सातवीच्या वर्गात जाऊन म्हणाल्या, "प्रयोगाला विषय पुस्तकातून आणायचा नाही. तुमच्या घरात ज्या गोष्टीवरून भांडण चाललंय, ती गोष्ट आणा."

पोरांना हे आवडलं, पण समजलं नाही. कुणी चुलत्याच्या बांधाचं भांडण आणलं, कुणी टीव्हीच्या अँटेनाचं. मागच्या बाकावरची पिंकी उठून म्हणाली, "बाई, आमच्यात गव्हावरनं भांडान हाय. आबा म्हनत्यात, चारीकडच्या रानात गहू करायचा. आई म्हनती, तितं कायबी उगवायचं न्हाय."

करुणाबाईंनी खडू खाली ठेवला. हा प्रश्न होता. त्या शाळेत आजवर शिरलेला बहुधा पहिलाच.

पिंकीचे आबा म्हणजे आजोबा, रामभाऊ. त्यांचं वरचं रान चांगलं होतं, पण त्यात ज्वारी उभी होती. मोकळी होती ती चारीलगतची, म्हणजे कालव्याच्या पोटपाटालगतची पट्टी. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं पाजून पाजून ती खारावली होती, ऊन पडलं की वर पांढरं फुटायचं. रामभाऊंना ते दिसत नव्हतं असं नाही. पण घरात ताईबाईंनी, म्हणजे पिंकीच्या आजीनं, राखेत घोळून बियाण्याचं एक पोतं जपून ठेवलं होतं, तेवढंच त्या साली घरात होतं, आणि मोकळं रान बघून रामभाऊंचा हात शिवशिवत होता. पोतं चारीकडं पेरलं आणि उगवलं नाही, तर बी गेलं, हंगाम गेला आणि वर्षाची चपातीही गेली.

प्रयोग अगदी साधा ठरला. डालड्याचे चार रिकामे डबे, खाली खिळ्यानं पाडलेली भोकं. दोन डब्यांत वरच्या रानाची माती, दोन डब्यांत चारीकडची. बी सारखंच, ताईबाईंच्या पोत्यातलं. पाणी सारखंच, उन्हाची जागा सारखीच. "दोन दोन डबे कशापायी?" पिंकीनं विचारलं. "एका डब्यात काहीही होऊ शकतं," करुणाबाई म्हणाल्या, "दोन्हींत तेच झालं तर मग बोलायचं."

रामभाऊ एकदा शाळेत येऊन डबे बघून गेले. बाईंना त्यांनी हात जोडले, आणि डब्यांसमोर बराच वेळ उकिडवे बसले. "ब्येस काडलंय हे," ते म्हणाले. "डब्यात उगवलं तर रानात उगवंल. मी काय म्हनतो बाई, मी आता सारकं सारकं बघायला येत न्हाय. परदर्शनात येतो. तितं मोठं सायेब बगत्यात. ते काय म्हनतील ते खरं. उगवलं तर पेरीन, न्हाय तर पोत्याला हात लावायचा न्हाय."

"आबा, साहेबांचं कशाला? तुम्हीच बघा की," करुणाबाई म्हणाल्या.

"आमाला काय कळतंय," रामभाऊ हसून म्हणाले. जमिनीत उभा जन्म गेलेला माणूस जमिनीबद्दल असं म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. शिकलेल्या माणसावर त्यांचा फार विश्वास होता. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, तेव्हा जी शिकली ती माणसं खोटं कशाला बोलतील, असा त्यांचा सरळ हिशेब. खोटं बोलायलाही शिकावं लागतं, हे त्यांच्या गावीच नव्हतं.

पंधरवड्यानं वरच्या मातीचे दोन्ही डबे हिरवेगार झाले आणि चारीकडचे दोन्ही ठार कोरे राहिले. एक दाणा उकरून बघितला तर कुजून त्याचं पीठ झालं होतं. पिंकीनं अहवालात लिहिलं, 'निष्कर्ष : आई बरोबर, आबा चूक.' करुणाबाईंनी हसत ते खोडलं आणि नीट लिहून घेतलं. घरी पिंकीनं आबांना सांगितलंही, पण पोरीच्या शब्दावर रान पडीक ठेवायला ते तयार नव्हते. त्यातून चारीच्या पाण्याची त्यांची पाळी नेमकी प्रदर्शनाच्याच रात्री आली. म्हणजे ठरवायचं ते त्याच दिवशी ठरणार होतं.

आदल्या दिवशी दुपारी नलवडे सर टेम्पोत भरायचं सामान बघायला आले. ज्वालामुखीपाशी थबकून त्यांनी त्याचा रंग वाळलाय का ते बोटानं बघितलं. मग डब्यांपाशी आले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, हे दोन उगवलेच नाहीत की."

"उगवायचे नाहीतच, सर. प्रयोगच तो आहे."

"असं कसं? एवढी चाळीस शाळांची माणसं येणार. शाळेचं नाव लिहिलेला डबा आणि आत नुसती माती?"

"सर, ती जमीन खारट आहे. त्यात उगवत नाही, हेच दाखवायचंय."

"बरोबर, बरोबर," सर म्हणाले. त्यांना कळलं नव्हतं, आणि कळलं नाही हे करुणाबाईंना स्वच्छ दिसत होतं. पुन्हा एकदा, सावकाश, फळ्यावर काढून सांगितलं असतं तर कदाचित त्या डोक्यातही शिरलं असतं. पण करुणाबाईंना वाटलं, या माणसाला दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे आपल्या पदवीचा अपमान. ‘ठोंब्या,’ असं मनात म्हणून त्या पाचवीच्या तासावर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पिंकीला घेऊन त्या एस.टी.नं इंदापूरला पोचल्या. टेम्पोबरोबर सर आणि दत्तोबा आधीच गेले होते. मांडवात शिरल्या आणि आपल्या टेबलापाशी येऊन उभ्याच राहिल्या. चारही डब्यांना लाल जिलेटिन गुंडाळलं होतं, मागं चमकीच्या अक्षरांत 'हरितक्रांती' लिहिलेला पुठ्ठा होता, आणि चारही डबे हिरवे होते. चारीकडचे दोन तर जरा जास्तच.

पिंकीनं एका डब्यात बोट घातलं. "बाई, हे खोचल्यात."

"दत्तोबानं काल संध्याकाळी एका रानातनं गव्हाचे कोंब कापून आणले," नलवडे सर मागून म्हणाले. त्यांच्या आवाजात चोरी नव्हती, चक्क अभिमान होता. "मी स्वतः उभं राहून एकेक लावून घेतला. आता कसं भरल्यासारखं वाटतंय! तुम्ही तरुण माणसं, तुमचं मांडणीकडं लक्ष नसतं. असू द्या, शिकाल हळूहळू."

या माणसाला खरोखर वाटत होतं की आपण बाईंची लाज राखली. पाहुणे आले की फाटक्या सतरंजीवर चादर टाकतात, त्या मायेनं त्यानं प्रयोगाचा गळा आवळला होता. बदमाश परवडला, त्याला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं, असं करुणाबाईंच्या मनात आलं. मनात आणखीही बरंच काही आलं. तोंडातून निघालं, "पण सर..."

तेवढ्यात परीक्षक आले. तिघं होते, उप्पीट खाऊन आलेले, एकाच्या मिशीत कोथिंबीर होती. आणि त्यांच्या मागोमाग, धुतलेलं धोतर, कडक टोपी, पायांत नव्या वहाणा, असे रामभाऊ आले. ते साहेबांच्या पुढं गेले नाहीत. अदबीनं एका बाजूला उभं राहून त्यांनी मान लांब करून डब्यांकडं बघितलं, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"वा!" मिशीवाले परीक्षक म्हणाले. "चारही डबे सारखे! कुणी केलंय? तू का, बाळ? काय निष्कर्ष निघाला?"

पिंकी बाईंकडं बघत राहिली.

"निष्कर्ष असा, साहेब," नलवडे सर पुढं सरकले, "की जमीन कसलीही असो, माणसानं मेहनत केली की ती पिकतेच."

"फार छान! ग्रामीण भागातून असं काही यायला हवं," परीक्षक म्हणाले आणि हातातल्या कागदावर आकडा लिहू लागले. दुसऱ्यानं हिरवी पाती कुरवाळली. शेतकऱ्याचीच पोरं होती ही माणसं, पगार सुरू झाल्यावर मातीत बोट घालायची ज्यांना किळस येते त्या जातीची. एकानं एक पात जरा ओढून बघितली असती तर ती हातात आली असती. पण ओढून बघायला तिथं विज्ञान लागतं, आणि ते प्रदर्शनात नव्हतं.

रामभाऊ बाईंजवळ आले. आवाज खाली आणून, पण आनंद न लपवता म्हणाले, "उगवलं की वो, बाई! मी म्हनत हुतो का न्हाय?"

"आबा, ते खोटं हाय," पिंकी म्हणाली. "सरांनी खोचलंय."

"गप ए. सर कशापायी खोचतील? त्यास्नी काय दुसरा उद्योग न्हाय का?" मग पुन्हा बाईंकडं वळून, "जातो मी. आज रातच्याला पाळी हाय, त्याआदी पेरून घ्याया पायजे. पाभर मागून ठिवलीया. तुमचं लई उपकार, बाई."

करुणाबाईंच्या हाताच्या अंतरावर परीक्षक आकडा लिहीत होते. परीक्षकांच्या शेजारी नलवडे सर हसत उभे होते, आणि त्या हसण्यातला एक डोळा बाईंवर होता. करुणाबाईंना कायम करायचं की नाही याची शिफारस जूनमध्ये सरांच्याच हातानं लिहिली जायची होती. शिवाय पिंकीचा नंबर आला तर पोरगी जिल्ह्याला जाणार, आणि जिल्ह्याचं प्रदर्शन यंदा बारामतीतच होतं. आई बघायला आली असती. हे सगळं एका श्वासाच्या आत डोक्यातून गेलं. त्यांनी ठरवलं की हे परीक्षक पुढच्या टेबलाकडं गेले की आबांना बाजूला घेऊन सांगायचं.

परीक्षक पुढच्या टेबलाकडं गेले, तेव्हा रामभाऊ मांडवाच्या बाहेर पडले होते. त्या दारापर्यंत धावल्या. रस्त्यावर दोन ट्रॅक्टर आणि रसवंतीची घुंगरं, बाकी कुणी नव्हतं.

मग मन स्वतःची समजूत घालायला लागलं, आणि शिकलेलं मन या कामात फार तरबेज असतं. म्हातारा माणूस, जेवेल, जरा पडेल, बैल जुंपेल, त्याला तिन्हीसांजा होतील. निकाल दोनला. निकाल ऐकला की मिळेल ती एस.टी. धरायची. आपण वेळेत पोचतो. पिंकीनं जेवणाचा डबा उघडला नाही. "बाई, आपुन जाऊया की," एवढंच ती दोनदा म्हणाली. "जाऊ गं, निकाल तर लागू दे," बाई म्हणाल्या. ज्या निकालाची त्या वर्षभर टिंगल करत आल्या होत्या, त्याच्यासाठी त्या आता लोखंडी खुर्चीत घड्याळ बघत बसल्या होत्या.

दोनचा निकाल सव्वातीनला लागला, कारण प्रमुख पाहुण्यांची गाडी यायची होती. मग स्वागतगीत झालं, मग नारळ, मग पाहुण्यांनी विज्ञानाचं महत्त्व सांगितलं, ते ऐकून विज्ञानालाही स्वतःबद्दल शंका आली असती. अखेर प्रथम क्रमांक पुकारला गेला, 'हरितक्रांती'. नलवडे सरांनी पिंकीच्या पाठीवर हात ठेवून तिला व्यासपीठावर चढवलं, ढाल तिच्या हाती आणि फोटोग्राफरचा कॅमेरा स्वतःकडं, अशी मांडणी केली. खाली उतरल्यावर पिंकीनं ती ढाल बाईंच्या पुढ्यात धरली आणि विचारलं, "आता जायाचं?"

करुणाबाईंनी टेबलापाशी जाऊन चारीकडच्या डब्यातली मूठभर पाती उपसली. एका हिसक्यात आली. वरून हिरवी होती, पण माना टाकायला लागली होती. "अहो बाई, अहो, अजून लोक बघायला येतायत!" असं नलवडे सर ओरडले. त्यांना पहिल्यांदाच 'हो, सर' ऐकू आलं नाही.

एस.टी. बावड्याला पोचली तेव्हा उन्हं कलली होती. पिंकी पुढं पळत होती, बाई मागं. चारीच्या बांधावर आल्या आणि करुणाबाईंची पावलं आपोआप मंदावली. पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाभरीच्या सरळ रेघा ओढलेल्या होत्या. बैल सोडून बाभळीला बांधले होते. ताईबाई तांब्यातून पाणी देत होत्या आणि रामभाऊंच्या खांद्यावर रिकामं पोतं घडी करून टाकलेलं होतं.

"या, या, बाई!" ते उठून उभे राहिले. "नंबर आला? आला न्हवं? मी हिला तेच सांगत हुतो."

करुणाबाईंनी मूठ उघडली. बोलायचं खूप ठरवून आणलं होतं, त्यातलं एवढंच बाहेर पडलं, "आबा, यांना मुळं नाहीत."

रामभाऊंनी एक काडी घेतली, उन्हाकडं धरली, तिचं खालचं टोक अंगठ्यानं चाचपलं. मग दुसरी घेतली. तिसरी घेतली नाही. ताईबाईंनी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि त्या बैलांकडं निघून गेल्या.

"कातरून आनल्यात," रामभाऊ म्हणाले.

"काल संध्याकाळी. आमच्या सरांनी आणवल्या. चारीकडच्या मातीत काहीच उगवलं नव्हतं, आबा. एक दाणासुद्धा नाही. पिंकी खरं सांगत होती." आता त्यांना बोलणं सुटलं. सर कसे मूर्ख आहेत, परीक्षक कसे आंधळे आहेत, ही प्रदर्शनं कशी नुसती थर्माकोलची जत्रा आहे, या लोकांना विज्ञान म्हणजे काय हे कसं शिवलेलंही नाही, सगळं त्या सांगत सुटल्या. दीड वर्ष मनात घोटून ठेवलेलं होतं. शब्द धारदार होते, नेमके होते, आणि त्या बांधावर त्यांचा काही उपयोग नव्हता.

रामभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. बाई बोलत असताना मधे तोंड घालायची त्यांची रीत नव्हती. त्या थांबल्यावर ते नातीकडं वळले. "पिंके, जा, खालच्या बांधाला सांगून ये. रातची आमची पाळी तुमी घ्या म्हनावं. हितं पानी घालून उपेग न्हाय."

पिंकीनं ढाल बांधावर टेकवली आणि ती पळाली. तिला ऐकू येणार नाही इतकी ती लांब जाईपर्यंत रामभाऊ थांबले. मग त्यांनी बाईंकडं बघितलं. राग नव्हता, उलट जरा संकोचच होता, इतक्या शिकलेल्या माणसाला असं विचारावं की नाही याचा.

"सकाळी मी म्हनलो, जातो, पेरून घेतो. तवा हे समदं तुमाला ठावं हुतं, बाई?"

करुणाबाई म्हणाल्या, "होतं."